लिंबाच्या रसात मुरविलेली मासळी : गहू वर्ज्य असलेल्यांसाठी

कोकणपट्टीतील घरात मासळीची तुकडी तळावयाची म्हटली, की गृहिणीचा हात आपोआप रव्याच्या डब्याकडे जातो. रव्याने तुकडी कुरकुरीत होते हे खरे. परंतु रवा म्हणजे गहूच. घरातील एखाद्या मुलाला सीलिॲक रोग असेल आणि पोळी व पाव बंद करूनही त्याचे पोट सुधारत नसेल, तर असा नकळत पोटात जाणारा गहू पुष्कळदा त्याला कारण असतो. मासळी, लिंबू व तांदूळ या आपल्याच मुलखातील जिनसांपासून, अशा मुलाला घरच्या पंक्तीत बसून खाता येईल असा पदार्थ कसा करावा, हे येथे सांगावयाचे आहे.

पथ्य कशासाठी?

गहू, जव व राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. सीलिॲक रोगात या प्रथिनामुळे शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते. अन्नातील पोषक द्रव्ये नीट शोषली जात नाहीत. जुलाब, रक्तक्षय, मुलांची वाढ खुंटणे अशी लक्षणे दिसू लागतात. गव्हाचा या विकाराशी असलेला संबंध नेदरलँड्समधील डॉ. विलेम डिके यांनी आपल्या १९५० सालच्या प्रबंधात दाखवून दिला. आजन्म पथ्य हाच यावरील उपाय होय. मात्र नुसत्या संशयावरून गहू सोडू नये; आधी सोडल्यास तपासणीत रोग दिसून न येण्याचा संभव असतो. प्रथम डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

रसाने मासा शिजत नाही

लिंबाच्या रसात ठेवलेली तुकडी थोड्याच वेळात पांढरी व घट्ट दिसू लागते. रसातील आम्लामुळे माशातील प्रथिनांची रचना बदलते, म्हणून असे घडते. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात याच गुणावर आधारलेला ‘सेविचे’ हा पदार्थ प्रसिद्ध असून, तो करण्याच्या परंपरेचा समावेश युनेस्कोने २०२३ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. तेथे मासा विस्तवावर ठेवीत नाहीत. परंतु रूप पालटले म्हणजे मासा निर्धोक झाला असे नव्हे. समुद्री माशांत कधी कधी आढळणाऱ्या कृमींच्या अळ्या लिंबाच्या रसाने मरतीलच असे नाही आणि सर्व रोगजंतूही नष्ट होत नाहीत. या अळ्या मारण्यासाठी मासा उणे २० अंश सेल्सिअस तपमानात ७ दिवस ठेवावा लागतो. घरच्या शीतकपाटात एवढ्या थंडीची खात्री नसते. आधीच आतडे दुखावलेल्या माणसाच्या बाबतीत हा धोका पत्करू नये. रस चवीसाठी वापरावा व शिजविण्याचे काम विस्तवाकडेच ठेवावे.

साहित्य व कृती

सुरमईच्या बोटभर जाडीच्या तुकड्या अर्धा किलो, दोन रसदार कागदी लिंबे, मीठ एक चमचा, हळद अर्धा चमचा, तिखट दोन चमचे, आले व आठ-दहा लसूण पाकळ्यांचे वाटण, तांदळाचे पीठ अर्धी वाटी व तळण्यापुरते तेल घ्यावे.

मासळी ताजी असावी व बाजारापासून घरापर्यंत बर्फात आणावी. सुरमई व बांगडा उष्ण हवेत राहिल्यास त्यांत हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते, आणि ते पुढे शिजवूनही नाहीसे होत नाही. तुकड्या धुऊन निथळाव्यात. काचेच्या, चिनी मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात त्यांना मीठ, हळद व लिंबाचा रस चोळून दहा मिनिटे ठेवावे. कल्हई नसलेले पितळी भांडे घेऊ नये. नंतर तिखट व वाटण लावून आणखी पंधरा मिनिटे मुरू द्यावे. याहून फार वेळ ठेवल्यास मांस भुसभुशीत होते. शेवटी तुकड्या तांदळाच्या पिठात घोळवून मध्यम आचेवर प्रत्येक बाजूस चार-पाच मिनिटे तळाव्यात. काट्याजवळचे मांसही अपारदर्शक होऊन सहज सुटू लागले म्हणजे तुकडी शिजली असे समजावे.

गिरणीची खबरदारी

खरी चूक बहुधा पिठात होते. गिरणीत गव्हाच्या दळणानंतर तांदूळ दळला, तर जात्यात राहिलेले गव्हाचे पीठ त्यात मिसळते. म्हणून तांदूळ निवडून घरच्या जात्यावर किंवा गहू कधीही न दळलेल्या यंत्रात दळावा व पीठ वेगळ्या डब्यात ठेवावे. बाजारी हिंगात पुष्कळदा मैदा असतो. तयार मसाल्यांवरील घटकांची यादीही वाचावी. भारतीय अन्न नियमांनुसार ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात एका किलोमागे ग्लुटेन २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. पुऱ्या तळलेले तेल व पोळीचा तवा या मासळीसाठी वापरू नये.

सोबत भात किंवा याच काळजीने दळलेल्या नाचणीची वा तांदळाची भाकरी वाढावी. शक्य असेल तर त्या दिवशी सर्वांचीच मासळी तांदळाच्या पिठात तळावी. म्हणजे चुकीला जागा राहणार नाही आणि पथ्यावरील मुलास आपले ताट वेगळे असल्याचे दुःखही होणार नाही.