गच्चीवरून स्वाती, चित्रा

मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास गच्चीवर अंथरूण टाका आणि आधी उत्तरेकडे बघा. उंचावर सात ताऱ्यांचा पतंग दिसेल, शेपटीसकट. हेच सप्तर्षी. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ. नजर जरा स्थिर ठेवली की त्याला अगदी खेटून असलेली मिणमिणती अरुंधती दिसते. ती दिसली की मला अजूनही लहान मुलासारखा आनंद होतो.

आता शेपटीचा बाक तसाच पुढे वाढवा. नजर एका ठसठशीत नारिंगी ताऱ्यावर थांबेल, ती स्वाती. तिचा प्रकाश ३७ वर्षांपूर्वी निघालेला आहे. तोच बाक आणखी ओढला की दक्षिणेकडे निळसर-पांढरी चित्रा. तिचा पृष्ठभाग स्वातीपेक्षा कितीतरी तप्त आहे, म्हणून हा रंग. चैत्री पौर्णिमेचा चंद्र हिच्याच आसपास असतो. चैत्राचं नाव त्यावरूनच पडलं.

ध्रुव शोधताना मात्र फार वर पाहू नका. हात लांब करून एकावर एक दोन मुठी धरा. पुण्या-मुंबईतून तो क्षितिजापासून साधारण तेवढाच वर असतो.