लघवीची नळी आणि अब्बांची नमाज

अब्बांना हॉस्पिटलमधून घरी आणले तेव्हा सोबत औषधांची पिशवी होती आणि लघवीची नळी. प्रोस्टेटची गाठ वाढून लघवी अडकली होती. ऑपरेशन होईपर्यंत कॅथेटर राहणार होते. "बॅग भरली की रिकामी करा," एवढे सांगून आमची बोळवण झाली.

घरी आमचे लक्ष बॅगेकडे, अब्बांचे जानमाजकडे. फजरची अजान झाली, ते उठले नाहीत. जोहरलाही नाही. आम्हाला वाटले, थकवा असेल. तिसऱ्या दिवशी अम्मीने हळूच सांगितले, "ते म्हणतात, पेशाब अंगाला टांगून अल्लाहसमोर कसा उभा राहू?" आयुष्यभर इस्तिंजाबाबत इतका काटेकोर राहिलेला माणूस! आणखी एक गोष्ट नंतर कळली. बॅग लवकर भरू नये, मुलांना तसदी नको, म्हणून ते पाणीच पीत नव्हते.

दोनच दिवसांत लघवी गडद झाली, मग बॅगेत येईचना. ओटीपोट दुखू लागले आणि रात्री हुडहुडी भरून ताप आला. पुन्हा हॉस्पिटल. लघवी घट्ट होऊन गाळाने नळी तुंबली होती, वर जंतुसंसर्ग.

या खेपेस वॉर्डातल्या एका सिस्टरने आम्हाला बसवून शिकवले. नळीच्या आतल्या टोकाला छोटा फुगा असतो, त्यात निर्जंतुक पाणी भरतात, म्हणून ती निसटत नाही. म्हणूनच ती कधी ओढायची नाही. ओढली तर आत जखम होऊन रक्त येते. थोडी सैल ठेवून मांडीला पट्टीने चिकटवायची. बॅग नेहमी मूत्राशयापेक्षा खाली टांगायची, पण जमिनीला टेकू द्यायची नाही. वर उचलली तर लघवी उलटी आत जाते. दोनतृतीयांश भरण्याआधी खालच्या तोटीतून रिकामी करायची, तोटी भांड्याला लागू द्यायची नाही. आधी आणि नंतर हात साबणाने धुवायचे. नळी आणि बॅगेचा जोड विनाकारण उघडायचा नाही.

स्वच्छतेत आमचीच चूक होती. पाकीच्या नादात आम्ही जंतुनाशक द्रव मिसळलेल्या पाण्याने धूत होतो, कातडी लाल झाली होती. साधा साबण आणि पाणी, रोज. नळी शरीरात जाते तिथून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने पुसायचे, उलट नाही. स्त्रीला नळी असेल तर पुढून मागे धुवायचे. हे काम अम्मी करतात. त्यांना जमले नाही तर मुलगा. सुनेवर टाकून अब्बांना शरमिंदा करायचे नाही, हे आम्ही ठरवून घेतले.

पाणी भरपूर द्यायचे, मात्र हृदय किंवा किडनीच्या आजारासाठी डॉक्टरांनी बंधन घातले असेल तर तेवढेच. बद्धकोष्ठता होऊ द्यायची नाही, कारण त्याचा दाब नळीवर येतो. पाणी पिऊनही तीन-चार तास बॅग कोरडी राहिली तर आधी नळी दुमडली किंवा अंगाखाली दबली आहे का बघावे. तसे नसेल, किंवा पोट दुखत असेल, थंडीताप असेल, रक्त जास्त येत असेल, तर सकाळची वाट बघू नये.

राहिली नमाज. आम्ही मोहल्ल्याच्या मशिदीतल्या मौलानांना घरी बोलावले. त्यांनी हजरत फातिमा बिन्ते अबी हुबैश (रजि.) यांची गोष्ट सांगितली. त्यांचा रक्तस्राव थांबत नव्हता. प्रेषितांनी (स.) त्यांना नमाज सोडायला सांगितले नाही, प्रत्येक नमाजसाठी वुजू करायला सांगितले. एका नमाजचा अख्खा वक्त ज्याला या त्रासातून उसंत मिळत नाही, तो शरियतमध्ये माजूर. हनफी मसलकात त्याने वक्त झाल्यावर वुजू करावा. वक्त संपेपर्यंत नळीतल्या लघवीने तो तुटत नाही, त्यात हव्या तेवढ्या नमाजा होतात. आपल्या कोकणातली बरीच घरे शाफई आहेत. त्यांनी वक्त झाल्यावर वुजू करून लगेच पढावी, आणि प्रत्येक फर्जसाठी वेगळा वुजू करावा. उभे राहता येत नसेल तर बसून, तेही नाही तर आडवे होऊन, मूळव्याधीने त्रासलेल्या हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांना हीच सवलत मिळाली होती. मशिदीची फरशी खराब होण्याची भीती आहे तोवर अब्बांनी घरीच पढावी, असेही मौलाना म्हणाले. अब्बा सगळे ऐकत होते. काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी असरला त्यांनी तांब्या मागितला.

आता आमच्या घरात बॅग रिकामी करण्याचे घड्याळ अजानच आहे. अजान झाली की बॅग रिकामी, साबणाने हात, मग वुजू, मग एक पेला पाणी. अब्बा खुर्चीवर बसून इशाऱ्याने सजदा करतात, बॅग खुर्चीच्या दांड्याला खाली टांगलेली असते. इशानंतर रात्रीसाठी पलंगाच्या कडेला. मधूनच अम्मी विसरल्या तर तेच हाक मारतात, "अगं, अजान झाली, बॅग बघ."