दाभाडीचा प्रबंध आणि सातबाऱ्याचं राजकारण

शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) म्हटलं की महाराष्ट्रातल्या बहुतेकांना दोन गोष्टी आठवतात. एक, सांगोल्यातून अकरा वेळा निवडून गेलेले आणि एसटीने फिरणारे गणपतराव देशमुख. दुसरी, अलिबाग-पेण-पनवेल पट्ट्यातला लाल बावटा आणि 'खटारा' हे निवडणूक चिन्ह. या पक्षाजवळ एक लेखी तत्त्वज्ञान आहे, त्याला एका गावाचं नाव आहे आणि त्यावरून पक्ष एकदा फुटलाही, हे मात्र आज त्याच्याच सभांना येणाऱ्या तरुणांपैकी किती जणांना सांगता येईल, शंका आहे.

हे गाव म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं दाभाडी. 1950 साली तिथे पक्षाचं अधिवेशन भरलं आणि 'दाभाडी प्रबंध' मंजूर झाला. त्यात शेकापने मार्क्सवाद-लेनिनवाद हा आपला मार्ग असल्याचं जाहीर केलं. कसणाऱ्याला जमीन, मूलभूत उद्योगांवर समाजाची मालकी, सावकारी आणि दलालीचा शेवट, शेतकरी आणि कामगारांची सत्ता, अशी त्याची दिशा. आश्चर्य मजकुराचं नाही, तसे जाहीरनामे त्या काळात बरेच निघत होते. आश्चर्य आहे ते हा प्रबंध स्वीकारणाऱ्या माणसांचं. ही मंडळी मुंबईच्या गिरण्यांतून किंवा पुण्याच्या अभ्यासमंडळांतून आली नव्हती. त्यातली बहुतेक सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीत वाढलेली, काँग्रेसमधून तुरुंगात जाऊन आलेली, घरी शेती असलेली होती.

1930 च्या सुमाराला केशवराव जेधे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्राह्मणेतर चळवळ काँग्रेसच्या प्रवाहात नेली. त्यामुळे खेड्यापाड्यातला बहुजन समाज काँग्रेसकडे आला. पण संघटनेच्या किल्ल्या आणि तिकिटांचे निर्णय दुसऱ्यांच्याच हाती राहिले, ही खदखद बेचाळीसच्या लढ्यानंतरही शमली नाही. स्वातंत्र्य दारात उभं असताना प्रश्न थेट पुढे आला: इंग्रज गेल्यावर राज्य कोणाचं? सावकाराचं, व्यापाऱ्याचं, की कसणाऱ्याचं? ऑगस्ट 1947 च्या सुरुवातीला, स्वातंत्र्यदिनाला जेमतेम दोन आठवडे उरलेले असताना, आळंदीत या मंडळींनी शेतकरी कामगार संघटनेचा पाया घातला. पक्ष आजही 2 ऑगस्टला वर्धापनदिन साजरा करतो. सुरुवातीला काँग्रेसच्या आत राहून दबाव टाकण्याचा विचार होता. तो जमला नाही आणि 1948 मध्ये वाटा वेगळ्या झाल्या. शंकरराव मोरे, जेधे, तुळशीदास जाधव, क्रांतिसिंह नाना पाटील, माधवराव बागल, दत्ता देशमुख, र. के. खाडिलकर अशी नावं एका यादीत आली. असा संच पुन्हा कुठल्या पक्षाला जमला नाही.

आणि तो टिकलाही नाही. दाभाडीच्या प्रबंधाने पक्षाला विचार दिला, पण त्या विचाराचा अर्थ काय यावरूनच फाटाफूट झाली. कम्युनिस्ट वळणाचे दत्ता देशमुख आणि त्यांचे सोबती बाहेर पडून कामगार किसान पक्ष काढून बसले. नाना पाटील कम्युनिस्ट पक्षात गेले. जेधे आणि मोरे काही वर्षांतच काँग्रेसमध्ये परतले. मार्क्सवादाने एका बाजूला घाबरलेले आणि दुसऱ्या बाजूला तो पुरेसा नाही म्हणणारे, असे दोन्हीकडचे लोक गेले. उरला तो मधला शेकाप. त्याला मी खरा शेकाप म्हणेन.

प्रबंधातली गोम इथेच आहे. मार्क्सच्या हिशेबात क्रांतीचं पुढारपण कामगाराकडे असतं. शेकापच्या नावात मात्र शेतकरी आधी आणि कामगार नंतर, आणि मतदारयादीत तर कामगार शोधावाच लागायचा. पक्षाचा माणूस म्हणजे पाच-दहा एकरांचा मालक किंवा कूळ. त्याला खोताची, सावकाराची, अडत्याची चीड होती. पण मालकी हक्क रद्द व्हावा असं त्याला अजिबात वाटत नव्हतं. उलट सातबाऱ्यावर आपलं नाव लागावं, हेच त्याचं स्वप्न. कागदावर समाजवाद आणि पायाखाली मालकीची भूक, हे दोन्ही पक्षाने सांभाळलं. विरोधकांनी याला भोंदूपणा म्हटलं. मला तो भोंदूपणा वाटत नाही. कसणाऱ्याला जमीन मिळावी ही मागणी मुळात मालकीचीच आहे, फक्त ती योग्य माणसाच्या मालकीची आहे.

रायगडात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, हे समजायला प्रबंध वाचायची गरज नव्हती. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी 27 ऑक्टोबर 1933 रोजी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने कुळांनी संप पुकारला. खोताची जमीन अर्धेलीने कसायची, म्हणजे पिकाचा अर्धा वाटा त्याला द्यायचा, वर वेठबिगार आणि नाना बाबींची वसुली. तर कसायचीच नाही, असं ठरलं. भाताची खाचरं एकामागून एक पावसाळे ओसाड पडून राहिली. कोकणच्या कुळाला भात पिकवणं सोडणं म्हणजे काय, हे आगरात वाढलेल्या माणसालाच कळेल. घरात कणगी रिकामी, बाहेर खोताचे कज्जे, आणि पोटाला मिळेल ती मजुरी. हा संप 1939 पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या लढ्याच्या पाठीशी उभे राहिले. 1937 मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं आणि पुढच्या जानेवारीत हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. आगरी, मराठा, महार कुळं एका बाजूला आणि खोत दुसऱ्या बाजूला, ही मांडणी दाभाडीच्या तब्बल दशकभर आधी चरीत प्रत्यक्ष उभी राहिली होती. याच काळात नारायण नागूंनी 'कृषीवल' सुरू केलं. ते पत्र पुढे शेकापचा आवाज बनलं. त्यांचे चिरंजीव दत्ता पाटील शेकापचे आमदार आणि विधानसभेतले विरोधी पक्षनेते झाले. रायगडात पक्ष रुजला तो चरीच्या मुळावर. प्रबंध त्यावर नंतर चढवलेलं कलम.

आकडे पाहिले तर पक्ष कधीच फार मोठा नव्हता, पण क्षुल्लकही नव्हता. 1952 मध्ये मुंबई विधानसभेत 14 आणि हैदराबाद विधानसभेत 10 जागा आल्या, म्हणजे मराठवाड्यातही पाय रोवले गेले होते. 1957 मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत मुंबई विधानसभेतले आमदार 31 झाले. ते शिखर. पुढे कधी 19, कधी 13, कधी 7. आणीबाणीनंतर 1977 मध्ये लोकसभेवर पाच जण गेले: कुलाब्यातून दि. बा. पाटील, नांदेडहून केशवराव धोंडगे, लातूरहून उद्धवराव पाटील, परभणीतून शेषराव देशमुख आणि कोल्हापुरातून दाजीबा देसाई. आमदार कमी, पण वजन मोठं. कृष्णराव धुळप, उद्धवराव पाटील, दत्ता पाटील, गणपतराव, एन. डी. पाटील हे बोलायला उभे राहिले की मंत्र्यांना फाइल उघडावी लागे. अर्थसंकल्पाचे आकडे तोंडपाठ असलेला ग्रामीण आमदार हा प्रकार महाराष्ट्राने पाहिला, त्याचं पुष्कळसं श्रेय या बाकांना जातं. पक्षात एकमेकांना 'भाई' म्हणायची रीत, त्यामुळे आमदार झाला तरी तो भाईच.

मग हा पक्ष आटला का? नेहमीचं उत्तर म्हणजे यशवंतराव चव्हाणांनी माणसं फोडली. ते खरं आहे, पण अर्धं. दुसरं अर्धं कारण असं की शेकापच्या मागण्या एकेक करून सरकारनेच कायद्यात आणल्या. 1948 चा कूळकायदा, त्यात 1956 ची दुरुस्ती, आणि 1 एप्रिल 1957 चा 'कृषक दिन'. त्या दिवशी कूळ कायद्याने जमिनीचं मालक मानलं गेलं. अंमलबजावणीत पळवाटा होत्याच. कुळाने 'राजीखुशीने' जमीन सोडली, असे अंगठे उठवलेले कागद किती तयार झाले याची गणती नाही. तरी लाखो घरांत मालकी आली आणि मालकी आल्यावर लाल बावट्याची गरज कमी वाटू लागली. पाठोपाठ 1961 चा कमाल जमीनधारणा कायदा आला. 1962 पासून जिल्हा परिषदा आल्या आणि सहकारी साखर कारखाने वाढत गेले. शेकापच्या गावातला हुशार, लढाऊ पोरगा आता मोर्चात जाण्याऐवजी सोसायटीचा चेअरमन होऊ लागला. तिथून कारखान्याचा संचालक आणि मग काँग्रेसचा आमदार. यात त्या पोराला दोष देण्यात अर्थ नाही. पक्षाकडे त्याच्यासाठी पद नव्हतं, फक्त शिबिर होतं.

कामगाराचा भाग तर कायम कच्चाच राहिला. नुसत्या शेतमजुराचा, बिनजमिनीच्या माणसाचा प्रश्न ठरावात असायचा, आंदोलनात क्वचित. नेतृत्वही प्रामुख्याने मराठा-कुणबी आणि आगरी समाजात फिरत राहिलं. जातीचा प्रश्न वर्गाच्या प्रश्नात आपोआप सुटेल, असं मानणाऱ्या सगळ्याच डाव्यांची जी चूक, ती शेकापचीही. फरक इतकाच की सत्यशोधक वारसा सांगणाऱ्या पक्षाने ती करायला नको होती.

जमिनीवर पाय टिकले तिथे मात्र पक्षाने मोठी कामं केली. त्यातलं एक जरा जवळून पाहावं. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या 95 गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. मिठागरं, भातशेती, खाडीची मासेमारी यावर जगणाऱ्या आगरी-कोळ्यांना एकरी काही हजार रुपये मिळणार होते. दि. बा. पाटील यांनी भाव वाढवून मागितला, पण त्यापुढे जाऊन एक वेगळी गोष्ट मांडली: जमीन जाते तर तिच्यावर उभ्या राहणाऱ्या शहरात शेतकऱ्याचा वाटा हवा. जानेवारी 1984 मध्ये उरण भागात आंदोलन पेटलं. 16 आणि 17 तारखेला दास्तान फाटा आणि नवघर इथे पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यातून पुढे 1990 मध्ये 'साडेबारा टक्के' योजना आली. हिशेब साधा आहे. एक हेक्टर म्हणजे 10,000 चौरस मीटर जमीन गेली, तर साडेबारा टक्क्यांनी 1,250 चौरस मीटर विकसित भूखंड. त्यातून सार्वजनिक सुविधांसाठी कपात होऊन हातात 8.75 टक्के, म्हणजे 875 चौरस मीटर. त्यावर इमारत बांधा, नाहीतर विका. देशभर भूसंपादनाच्या चर्चेत 'विकासात भागीदारी' हा शब्द रुळण्याच्या कितीतरी आधी एका मराठी डाव्या आमदाराने ती वसूल करून दाखवली. दिबांनी 1999 मध्ये पक्ष सोडला, हेही सांगायला हवं. पण नवी मुंबई विमानतळाला त्यांचं नाव द्यावं म्हणून 2021 मध्ये हजारो भूमिपुत्र रस्त्यावर उतरले, ते पक्षाचं कार्ड बघून नव्हे.

याच यशात पक्षाची पुढची अडचण दडलेली आहे. भूखंड हाती आला आणि तो बिल्डरकडे गेला. पनवेल-उरणमध्ये जमीन कसायची गोष्ट राहिली नाही, ती भावाची गोष्ट झाली. कसणाऱ्यासाठी जन्मलेल्या पक्षाला विकणाऱ्याचं राजकारण करावं लागलं आणि त्या राजकारणात पैसेवाले पक्ष नेहमीच पुढे. तरी 2008 मध्ये महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्ध (सेझ) पेण तालुक्यातल्या 22 गावांत सार्वमत झालं, तेव्हा एन. डी. पाटील आणि शेकापची जुनी फळी पुन्हा बांधावर उभी होती. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली ही जमीन, म्हणजे पाणी दारात आलं आणि सरकार जमीन मागायला आलं. तो सेझ झाला नाही.

एन. डी. आणि गणपतराव ही पक्षाच्या तत्त्वांची दोन रूपं. एन. डी. 1978 मध्ये पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात सहकारमंत्री होते, पण त्यांची खरी जागा रस्त्यावर. सीमाप्रश्न, एन्रॉन, कोल्हापूरचा टोल, आणि रयत शिक्षण संस्था. ऐंशी उलटलेला माणूस टोलनाक्यावर बसतो, हे कोल्हापूरकरांनी पाहिलं आणि तो टोल अखेर गेला. गणपतरावांनी मतदारसंघच प्रयोगशाळा केली. सांगोला हा कायमचा दुष्काळी तालुका. तिथे सहकारी सूतगिरणी चालवली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्याबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदांतून 13 दुष्काळी तालुक्यांसाठी कृष्णेच्या पाण्याचा समन्यायी वाटा मागितला. पाणी जमिनीच्या मालकीला नव्हे तर माणसाला बांधलेलं असावं, हा त्यातला विचार. दाभाडीत जमिनीबद्दल जे म्हटलं होतं, ते इथे पाण्याला लावलं गेलं. माझ्या मते 1950 नंतर पक्षाच्या वर्तुळातून वैचारिक भर पडली असेल तर ती हीच.

गणपतरावांनी 2019 मध्ये निवडणूक लढवली नाही. त्यांच्या नातवाला उभं केलं आणि तो हजाराहून कमी मतांनी पडला. दुसऱ्या नातवाने, बाबासाहेब देशमुखांनी, 2024 मध्ये सांगोला परत घेतलं. आज विधानसभेत शेकापचा तो एकमेव आमदार. रायगडात पक्षाची सूत्रं नारायण नागूंच्या घराण्यात चौथ्या पिढीपर्यंत उतरली आहेत. घराणेशाहीवर टीका करणाऱ्या पक्षाने आपल्या दोन्ही बालेकिल्ल्यांत घराण्यावरच भिस्त ठेवली, हे कार्यकर्त्यांनाही खटकतं.

पक्षाला अजून काम आहे का? आहे, आणि ते 1950 इतकंच जमिनीचं आहे. आज महाराष्ट्रात तोंडी बोलीवर, बटाईने किंवा खंडाने शेत कसणारे असंख्य आहेत. मालक शहरात, सातबारा त्याच्या नावावर. पीककर्ज त्याला, नुकसानभरपाई त्याला, आणि मशागतीचा खर्च व पावसाची जोखीम कसणाऱ्याला. जुन्या कूळकायद्याच्या भीतीने मालक लेखी करार करत नाही, म्हणजे कुळासाठी केलेला कायदाच आता कसणाऱ्याच्या आड येतो. हा पेच एकाही मोठ्या पक्षाच्या जाहीरनाम्यात ठळकपणे येत नाही, कारण मतदार मालकही आहे. शेकापकडे गमावण्यासारखं एकच मत आहे, तेही सभागृहातलं. त्याने हा प्रश्न हाती घ्यावा, आणि पुढचं अधिवेशन घ्यायचं तर आधी बटाईदारांची गावनिहाय यादी करून मग घ्यावं.