इनामगाव : तीन हजार वर्षांपूर्वीच्या गावात किती माणसं राहायची, हे कसं मोजतात?

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केलेल्या प्रत्येकाला इनामगाव हे नाव पाठ असतं. ताम्रपाषाण युग, जोर्वे संस्कृती, पुणे जिल्हा. एक ओळ, एक बहुपर्यायी प्रश्न आणि विषय संपला. एनसीईआरटीच्या सहावीच्या पुस्तकातही या गावाला जागा मिळाली होती, पण तिथेही दोन-चार परिच्छेदच.

खरं तर महाराष्ट्रातल्या इतक्या जुन्या एखाद्या गावाबद्दल आपल्याला एवढं तपशीलवार माहीत असणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. लोक काय खायचे, घरं केवढी होती, मेलेल्या माणसाला कुठे पुरायचे, हे सगळं इनामगावात सापडलं. एक साधा प्रश्न मात्र वाटतो त्यापेक्षा अवघड निघाला : या गावाची लोकसंख्या किती होती?

गाव कुठे आहे?

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या उजव्या काठावर. ही नदी पुढे भीमेला मिळते. शिरूर शहरालाच जुने लोक ‘घोडनदी’ म्हणतात, इतकं या नदीचं नाव त्या भागाला चिकटलेलं आहे. हा सगळा पट्टा पर्जन्यछायेतला. सह्याद्रीवर पाऊस कोसळतो आणि इथे ढग नुसतेच पुढे निघून जातात. अशा ठिकाणी नदीकाठ सोडून गाव वसवायचं म्हटलं तर पाणी आणणार कुठून?

आजच्या गावापासून थोड्या अंतरावर जुन्या वस्तीची टेकाडं आहेत. अशा टेकाडांना गावाकडे ‘पांढरी’ म्हणतात. शेताची ती काळी, वस्तीची ती पांढरी. शेकडो वर्षांची चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती साचून तिथल्या जमिनीचा रंग बदलतो. ही माती खत म्हणून शेतात चांगली, त्यामुळे महाराष्ट्रातल्या कितीतरी पांढऱ्या लोकांनी बैलगाड्या भरून उचलून नेल्या. त्यांच्याबरोबर त्या गावांचा इतिहासही शेतात पसरला गेला.

इनामगावची पांढरी बऱ्यापैकी वाचली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 पासून 1980च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत इथे उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झे. दा. अन्सारी ही त्यातली प्रमुख नावं. एवढी वर्षं एकाच खेड्यात खणत राहणं त्या काळात नवीन होतं. तोवर पुरातत्त्व म्हटलं की मोठी शहरं, स्तूप, किल्ले. इथे एका साध्या शेतकरी गावाचं रोजचं जगणं शोधायचं होतं.

तीन टप्पे, नऊशे वर्षं

गाव वसलं इसवी सनपूर्व 1600च्या सुमारास आणि ओस पडलं इसवी सनपूर्व 700च्या सुमारास. म्हणजे नऊशे वर्षं. तुलनेसाठी : यादवांची देवगिरी पडली तेव्हापासून आजपर्यंत त्याहून कमी काळ झालाय.

पहिली दोनशे वर्षं माळवा संस्कृतीच्या लोकांची. त्यानंतर इसवी सनपूर्व 1400 ते 1000 हा पूर्व जोर्वे काळ. संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे नावाचं गाव आहे, तिथे ही संस्कृती प्रथम ओळखली गेली म्हणून हे नाव. लाल रंगाची, काळ्या नक्षीची, टिचकी मारली की खणखणीत वाजणारी भांडी ही तिची ओळख.

हाच इनामगावचा भरभराटीचा काळ. आयताकृती मातीची घरं, साधारण 5 मीटर लांब आणि 3 मीटर रुंद, ओळीने बांधलेली, मध्ये जायला-यायला वाट. कुंभार, सोनार अशा कारागिरांची घरं गावाच्या पश्चिम कडेला. मधोमध पाच खोल्यांचं एक मोठं घर आणि त्याला लागून धान्याचं कोठार. हे घर गावप्रमुखाचं असावं, असं उत्खनन करणाऱ्यांचं मत. कोठार त्याच्याजवळ म्हणजे धान्याचा हिशेबही त्याच्याकडे, असा त्यामागचा तर्क.

याच काळातली सर्वांत चकित करणारी गोष्ट म्हणजे कालवा. सुमारे 4 मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल चर, आणि शेजारी दगड-मातीचा जवळपास 240 मीटर लांबीचा बांध. नदीला पूर आला की पाणी वळवायचं आणि त्या ओलाव्यावर रब्बीचं पीक घ्यायचं, असा याचा उपयोग लावला गेला आहे. मुख्य पीक होतं जव. त्याबरोबर गहू आणि कडधान्यं. बोरं, आवळे, जांभळं होती. नदीतले मासे, कासवं, खेकडेही ताटात होते.

आता मोजणी

देशभर एकाच वेळी झालेली पहिली जनगणना 1881ची. त्याआधीच्या काळासाठी काही ना काही कागद तरी असतो. इनामगावात लिपीच नव्हती. मग मोजायचं काय?

पहिला मार्ग घरांचा. उत्खननात 134 घरं मिळाली. एका घरात पाच माणसं धरली तर 670. सोपं वाटतं, पण ही घरं एकाच वेळी उभी नव्हती, ती नऊशे वर्षांत पसरलेली आहेत. डागडुजी करत एक मातीचं घर तीस वर्षं टिकतं असं धरलं, तर नऊशे वर्षांत घरांच्या तीस पिढ्या होतात. 134 भागिले 30, म्हणजे एका वेळी जेमतेम चार-पाच घरं! एवढ्या लोकांनी तो कालवा खणला हे कुणालाच पटणार नाही. अडचण अशी की संपूर्ण पांढरी कुणीच खणत नाही. 134 हा सापडलेल्या घरांचा आकडा आहे, गावातल्या घरांचा नाही.

दुसरा मार्ग जमिनीच्या क्षेत्रफळाचा. राऊल नॅरोल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने 1962 मध्ये जगातल्या 18 समाजांची माहिती घेऊन एक ढोबळ नियम मांडला : छपराखाली दर 10 चौरस मीटरला एक माणूस. इनामगावचं घर 15 चौरस मीटरचं. म्हणजे दर घरी दीड माणूस! नियम वाईट नाही, पण दख्खनच्या हवेत माणसं अंगणात राहतात, ओट्यावर झोपतात आणि घरात फक्त धान्य आणि चूल असते. हे त्या नियमात बसत नाही.

तिसरा मार्ग वस्तीच्या एकूण विस्ताराचा, आणि सध्या तरी तोच त्यातल्या त्यात बरा. जोर्वे काळातली बहुतेक गावं 1 ते 4 हेक्टरची. इनामगाव 5 हेक्टरच्या आसपास. प्रवरेकाठचं दायमाबाद जवळपास 20 हेक्टर, आणि तिथली लोकसंख्या 4000च्या घरात असावी असा अंदाज मांडला गेला आहे. म्हणजे हेक्टरी 200 माणसं. तेच माप इनामगावला लावलं तर 1000 होतात. वस्ती विरळ होती असं धरून माप निम्मं केलं तर 500. भरभराटीच्या काळात पाचशे ते हजार, याहून नेमकं बोलण्यात अर्थ नाही.

जमिनीखालची माणसं

घरांच्या जमिनीखाली वेगळीच नोंद होती. इनामगावात अडीचशेहून जास्त दफनं मिळाली आणि त्यातली बहुसंख्य लहान मुलांची. मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची आणि आत त्याला. हे सगळं राहत्या घराच्या जमिनीत खड्डा करून. मोठ्या माणसांना उत्तरेकडे डोकं करून उताणं पुरायचे आणि त्यांची पावलं घोट्याखाली तोडलेली असायची. मेलेल्याने उठून चालू लागू नये, घर सोडून जाऊ नये, ही त्यामागची भावना असावी असं अभ्यासक मानतात. शेजारी भांड्यांतून अन्नपाणी ठेवलेलं.

एक अपवाद होता. त्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांचा एक मोठा मातीचा रांजण निघाला. आत साधारण चाळिशीचा पुरुष, मांडी घालून बसवलेला, आणि पावलं शाबूत. त्याच्या खाली तसाच आणखी एक जुना रांजण होता, पण त्यात सांगाडाच नव्हता. ज्याचा देह हाती लागला नाही अशा कुणाचं ते प्रतीकात्मक दफन असावं.

मुलांचे एवढे सांगाडे पाहून ‘बालमृत्यू भयंकर होते’ असं लगेच म्हणावंसं वाटतं, आणि ते चूकही नाही. पण लोकसंख्येचे अभ्यासक इथे सावध असतात. दफनभूमीत मुलांचं प्रमाण जास्त असणं हे अनेकदा जन्मदर जास्त असल्याचंही लक्षण असतं. जिथे मुलं जास्त जन्मतात तिथे त्यांच्या कबरीही जास्त. गाव वाढत होतं की खंगत होतं, हे नुसत्या मडक्यांच्या संख्येवरून ठरत नाही.

मग गाव संपलं कसं?

इसवी सनपूर्व 1000च्या सुमारास चित्र पालटतं. दायमाबाद, नेवासे यांसारखी गावं याच सुमारास ओस पडली. इनामगाव मात्र आणखी तीनशे वर्षं तगलं. कसं, ते घरांवरून दिसतं. ओळीतली आयताकृती घरं गेली आणि जेमतेम 3 मीटर व्यासाच्या गोल झोपड्या आल्या, तीन-चार झोपड्या मिळून एक अंगण. (इथेही मोजणारा फसतो : झोपड्या वाढल्या म्हणून कुटुंबं वाढली असं नाही, एकच कुटुंब तीन छपरांखाली राहत असू शकतं.) गव्हाचं प्रमाण घटलं. गुरांऐवजी शेळ्या-मेंढ्या वाढल्या आणि हरणांची हाडं जास्त सापडू लागली. शेतीवर भागेना म्हणून माणसं पुन्हा शिकारीकडे वळली होती.

ढवळीकरांनी याचं कारण दुष्काळ दिलं. त्याच सुमारास इजिप्तमध्ये नाईलचे पूर कमी झाले होते. नाईलला पाणी येतं इथिओपियाच्या पठारावरच्या मोसमी पावसातून, आणि त्या पावसाचा आपल्या मान्सूनशी संबंध आहे, असा त्यांचा दाखला.

सगळ्यांना हे पुरेसं वाटलं नाही. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगाव, नेवासे आणि दायमाबादच्या मुलांच्या हाडांचा अभ्यास करून 2011 मध्ये पुस्तक लिहिलं. हाडांच्या लांबी-जाडीवरून मुलाची उंची आणि वजन किती असावं याचा अंदाज करता येतो. उत्तरकाळातल्या इनामगावच्या मुलांच्या वाढीवर ताण पडल्याचं त्यातून दिसतं. पण सगळा दोष एका कोरड्या कालखंडावर टाकायला त्या तयार नाहीत. ज्या मुलखात पाऊस आधीपासूनच बेभरवशाचा आहे, तिथे माणसाने जमीन कशी वापरली हाही भाग त्यात येतो.

त्यांचं म्हणणं जास्त पटतं. कालवा खणणाऱ्या पिढीलाही दुष्काळ माहीत असणारच, नाहीतर एवढा खटाटोप कशाला केला असता?

इसवी सनपूर्व 700च्या सुमारास उरलेली माणसंही निघून गेली. बहुधा ती मेंढरांमागे भटकी झाली, असं ढवळीकरांचं मत होतं. रांजण, खापरं आणि मडक्यांतली ती मुलं पुण्यात डेक्कन कॉलेजकडे आली. शिरूरच्या पूर्व पट्ट्यात आज धरणाच्या पाण्यावर ऊस उभा आहे.