खिळे जुळवणाऱ्याची मजुरी

बीए होऊन दोन वर्षं झाली होती. १९९३ साली माझा पहिला कवितासंग्रह तालुक्याच्या गावातल्या एका छापखान्यात छापला. तिथल्या जुळाऱ्यांना सगळे मामा म्हणत. शिशाचे खिळे ते न बघता उचलत आणि उलटा मजकूर सरळ वाचावा तसा वाचत. जोडाक्षरं, काना-मात्रा यांमुळे मराठीला इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त खिळे लागतात. हात बसायला वर्षं जात. म्हणून मामांना मान होता आणि मजुरीही बरी होती.

मग डीटीपी आलं. कळ दाबली की जोडाक्षर आपोआप तयार. मामांचं कसब कमी झालं नव्हतं, पण त्याची गरज संपली होती. मजुरी कष्टाची मिळते असं आपण म्हणतो. खरं तर जे काम हवं असतं आणि येणारे थोडे असतात, त्याला भाव मिळतो.

त्याच छापखान्यात फर्मे दुमडणाऱ्या बायका होत्या. संगणकानं त्यांचं काम गेलं नाही, पण मजुरीही वाढली नाही. दोन दिवसांत शिकता येणारं काम. एक गेली की दुसरी मिळे. डीटीपी करणाऱ्या मुलांना सुरुवातीला चांगले पैसे मिळाले. पुढे घरोघरी संगणक आले, लेखकच टाइप करू लागले आणि त्यांचाही भाव उतरला. म्हणजे यंत्राचा फटका नेहमी अकुशल माणसालाच आधी बसतो असं नाही. ज्याचं कसब यंत्रात उतरवता येतं, त्याला तो आधी बसतो.

मात्र पुढचं सगळं यंत्र ठरवत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९७४ साली जुळाऱ्यांच्या युनियननं मोठ्या वृत्तपत्रांशी करार केला: नवी यंत्रं आणा, पण असलेल्या कामगारांची नोकरी आयुष्यभर राहील. लंडनमध्ये १९८६ साली वॉपिंगच्या नव्या छापखान्यावरून संप झाला आणि पाच हजारांहून जास्त कामगार बडतर्फ झाले. बदल तोच, निकाल वेगळा.

मामांच्या वतीनं बोलणारं कुणी नव्हतं. १९९९ साली माझा दुसरा संग्रह डीटीपीवर झाला. खर्च कमी आला म्हणून मी खूश होतो. छापखान्यात गेलो, तर मामा बायकांच्या ओळीत बसून माझेच फर्मे दुमडत होते, त्यांच्याच मजुरीवर. मला बघून म्हणाले, "या कविराज. सोळाव्या पानावर रफार चुकलाय."

चूक खरंच होती. ती शोधण्याचे पैसे मात्र आता त्यांना कुणी देत नव्हतं. मीही दिले नाहीत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)