माळवदाची तुळई, वाइनची मांडणी

बीदर जिल्ह्यातील भालकी, औराद, बसवकल्याण आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या तालुक्यांतील अनेक घरांत आजही मराठी बोलली जाते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची विभागणी झाली आणि हा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. घरबांधणीची रीत मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच राहिली. बाहेरून दगड-मातीच्या रुंद भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर लहान लाकडांची दाट रांग आणि सर्वांत वर मातीचा जाड थर, असे हे माळवदाचे घर.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीच्या भूकंपात शेजारच्या लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत अशाच घरांच्या भिंतींखाली हजारो माणसे गेली. अनेक ठिकाणी भिंती ढासळल्या, पण खांब-तुळयांचा सांगाडा उभाच राहिला होता. आता जुन्या माळवदांच्या जागी सिमेंटचे छत येते. उतरवलेले लाकूड कधी वखारीत जाते, कधी चुलीत. दोन-तीन पिढ्यांचे छप्पर पेललेल्या या लाकडातून घरच्या घरी वाइनच्या बाटल्यांची मांडणी करता येते. गोव्यात घरोघरी वाइन नवी नाही आणि जुनी घरे उतरवली जाणेही नवे नाही. त्यामुळे साग, फणस, किंदळ किंवा माट, लाकूड कोणतेही असो, पुढील कृती येथेही लागू पडते.

पहिला निर्णय करवत हाती घेण्यापूर्वीचा आहे. कोरीव खांब, नक्षीची चौकट, गणेशपट्टी यांना हात लावू नये. चांगले राखलेले लाकूड किती टिकते, हे बीदरच्या किल्ल्यातील रंगीन महालाचे कोरीव लाकडी खांब दाखवतात. १९७२ च्या पुरावशेष व कला खजिना कायद्यानुसार शंभर वर्षांपूर्वीची, इमारतीपासून सुटी केलेली वस्तूही पुरावशेष ठरू शकते आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. म्हणून मांडणीसाठी फक्त साध्या, बिननक्षीच्या तुळया आणि फळ्या घ्याव्यात. सागाची वाहतूक करायची असल्यास वन खात्याच्या परवान्याची चौकशी आधी करावी.

दुसरी पायरी तपासणीची. टाचणी किंवा पटाशीचे टोक लाकडात सहज रुतले तर आतून वाळवीने पोखरले आहे, असे समजावे. बारीक छिद्रांतून ताजे पीठ गळत असेल तर कीड अजून जिवंत आहे. असा तुकडा घरात आणू नये. जुने खिळे गंजून लाकडात लपलेले असतात, म्हणून चारही बाजूंनी लोहचुंबक फिरवावे. एक खिळा राहिला तरी करवतीचे पाते जाते आणि उडालेला तुकडा डोळ्यावर बेतू शकतो. जुन्या तैलरंगात शिसे असण्याची शक्यता असते. तो कोरडा घासू नये. ओला करून खरवडावा, नाका-तोंडावर धूळरोधक मुखपट्टी बांधावी आणि मुलांना दूर ठेवावे.

तिसरी गोष्ट हवेची. कलबुर्गीचा उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढे जातो आणि हवा कोरडी असते. गोव्याचा पावसाळा याच्या नेमका उलट. लाकूड हवेतील ओलावा घेते आणि सोडते, त्यामुळे ते आडवे फुगते आणि आकसते. कोरड्या प्रदेशातून आलेली सागाची १०० मिलिमीटर रुंद फळी किनारपट्टीच्या पावसाळ्यात एक ते दीड मिलिमीटर फुगू शकते. म्हणून लाकूड ज्या खोलीत राहणार, तेथेच काही आठवडे हवा खेळेल असे रचून ठेवावे आणि मगच मापे घ्यावीत.

आता मांडणी. ७५० मिलिलिटरची नेहमीची बाटली साधारण ३० सेंटिमीटर लांब आणि साडेसात सेंटिमीटर जाड असते. काही बाटल्या याहून रुंद असतात. भरलेली बाटली सव्वा ते दीड किलो भरते. सोळा बाटल्यांचा भार वीस किलोंच्या पुढे जातो, म्हणून सांधे केवळ खिळ्यांवर सोडू नयेत.

तुळई चिरून २५ मिलिमीटर जाड आणि १४० मिलिमीटर रुंद अशा चार फळ्या काढाव्यात. प्रत्येकीवर रुंदीच्या बरोबर मध्यावर लांबीभर रेघ मारून ११० मिलिमीटर अंतराने चार खुणा कराव्यात. दोन फळ्यांना खुणांवर ८५ मिलिमीटरची, तर उरलेल्या दोघींना ३८ मिलिमीटरची भोके पाडावीत. यासाठी ड्रिलला लावायची गोल करवत बाजारात होल सॉ नावाने मिळते. मग फळ्या मधल्या रेघेवर उभ्या चिराव्यात. एका फळीच्या दोन पट्ट्या होतात आणि प्रत्येकीवर अर्धगोल खाचा तयार मिळतात. मोठ्या खाचांत बाटलीचे अंग बसते, लहान खाचांत मान. दोन्ही पट्ट्यांच्या वरच्या कडा एकाच उंचीवर ठेवल्या की बाटली आपोआप सपाट आडवी राहते.

या आठ पट्ट्यांचे चार मजले होतात. मोठ्या खाचांची पट्टी मागे, लहान खाचांची पुढे, मध्ये सुमारे १८ सेंटिमीटर अंतर. दोन मजल्यांत १६ सेंटिमीटर ठेवावे, म्हणजे बाटली उचलून पुढे काढता येते. पट्ट्यांच्या टोकांना कुसू काढून ती चार उभ्या खांबांच्या खाचांत बसवावीत आणि डावी-उजवीकडची खांबांची जोडी वर-खाली आडव्या लाकडांनी जोडावी. मांडणी भिंतीला पकडून ठेवावी.

बाटली आडवी ठेवण्याचे कारण बूच ओले राहणे हे आहे. कोरडे बूच आकसते, हवा आत शिरते आणि वाइन बिघडते. फिरकीच्या झाकणाला याची गरज नाही. मांडणी चुलीपासून, उन्हापासून आणि फ्रिजच्या मागच्या उष्णतेपासून दूर असावी. घरातील सर्वांत थंड आतली भिंत उत्तम.

रंगकामासाठी या भागात पिकणाऱ्या जवसाचे उकळलेले तेल पुरते. पातळ हात देऊन पुसावा आणि पूर्ण वाळू द्यावा. तेलाचे बोळे मात्र गोळा करून टाकू नयेत. ते आपोआप तापून पेटू शकतात. उघड्यावर पसरून वाळवावेत. केरोसीन वापरू नये, त्याचा वास बंद खोलीत राहतो.

तुळईवर जुन्या सांध्यांच्या खाचा आणि धुराचा काळेपणा दिसेल. सारे रंध्याने साफ करण्याची गरज नाही. निदान एका खांबावर तो तसाच राहू द्यावा. माळवद उतरले तरी ते ज्याने पेलले, त्याची ओळख तेवढी घरात उरेल.