भंडारा कपाळी शोभतो, कॅमेऱ्यात नव्हे!

मंडळी, पिनरच्या मेमोरियल पार्कमध्ये फोटो काढताना धुळीची आठवणही होत नाही. पण सुट्टीत देशी गेलात आणि जेजुरीला भंडाऱ्याच्या उधळणीत लेन्स बदललीत, तर हळदीची पूड आत शिरून सेन्सरवरच्या काचेवर बसते. मग अंगणात आजी-आजोबांसह काढलेल्या ग्रुप फोटोतही त्याच जागी तोच डाग! आणि तशी सगळी माणसं पुन्हा एकत्र कधी येणार?

म्हणून निघण्यापूर्वी तपासा. अ‍ॅपर्चर एफ/१६ किंवा एफ/२२ ठेवून कोऱ्या आकाशाचा फोटो घ्या. आपलं इथलं करडं आभाळ त्याला झकास! ऑलिंपसने २००३ मध्ये ई-१ कॅमेऱ्यात धूळ झटकण्याची सोय आणली. आता ती बऱ्याच कॅमेऱ्यांत असते. तेवढ्याने ठिपके गेले नाहीत, तर बॅटरी पूर्ण चार्ज करा, मेनूतून सफाईचा पर्याय निवडा, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरा आणि रबरी ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकर नको, थुंकी उडते. डब्यातली दाबाची हवाही नको. चिकट डागाला सेन्सरच्या मापाचा स्वॅब लागतो; हात धजत नसेल तर जाणकाराकडे द्या.

जेजुरीला मात्र घरूनच एक लेन्स लावून जा आणि गड उतरेपर्यंत ती काढू नका.